हरणं पळवणारी औषधं : गोव्याच्या बागेत कोणतं चालतं, कोणतं वाया जातं

बाटलीवर हरणाचं चित्र आणि त्यावर लाल फुली, अशी औषधं हल्ली ऑनलाइन पुष्कळ दिसतात. नावं वेगवेगळी असली तरी आतला माल चार-पाच प्रकारांतलाच असतो: नासलेलं अंडं, रक्ताची भुकटी, मिरची-लसूण, कडुनिंबाचं तेल, नाहीतर साबण. म्हणून इथे परीक्षण केलं आहे ते ब्रँडचं नव्हे, या प्रकारांचं. लेबलवर घटक वाचता आले की कोणतीही बाटली पारखता येते. लेबलवर घटकच दिले नसतील, नुसतं 'हर्बल फॉर्म्युला' असं लिहिलं असेल, तर ती बाटली घेऊ नये.

आमचा कौल आधीच सांगतो. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या जंगलाला लागून असलेल्या तालुक्यांत ऑक्टोबर ते मे या काळात शोभेच्या झाडांना अंड्याचं औषध सगळ्यात चांगलं. देवाला वाहायच्या किंवा फातीत (गजऱ्यात) माळायच्या फुलांना औषध नकोच, तिथे जाळी. आणि जून ते सप्टेंबर कोणत्याही फवारणीवर पैसे घालू नका.

आधी खाणारा कोण ते बघा

औषध निकामी ठरतं त्यातल्या बऱ्याच वेळा चूक औषधाची नसते. खाणारा प्राणी वेगळाच असतो. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते फांदी खालच्या दातांत धरून ओढून तोडतं, त्यामुळे तुटलेलं टोक फाटलेलं, तंतू लोंबणारं दिसतं. ससा खातो तेव्हा सुरीने तिरका छेद द्यावा तसं स्वच्छ टोक राहतं, आणि तेही जमिनीपासून वीतभर-हातभर उंचीवर. साळिंदर मुळाशी उकरतं, कंद खातं, बुंध्याची साल सोलतं. रानडुक्कर अख्खा वाफाच नांगरतं. माकडं कळे खुडून अर्धे खातात आणि अर्धे खाली टाकतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते. गुरांना आणि शेळ्यांनाही वरचे पुढचे दात नसतात. रात्री मोकाट गुरं आत शिरली तर फांदी तशीच फाटलेली दिसते. म्हणून फांदीसोबत जमीनही बघा. शेण असेल तर प्रश्न फाटकाचा आहे, औषधाचा नाही. काळ्या लेंड्या आणि दोन टोकदार खुरांचे ठसे असतील तर ठशाची लांबी मोजा. तीन-चार सेंटीमीटर असेल तर भेकर, त्याच्या दुपटीच्या आसपास असेल तर मेरू, म्हणजे सांबर. भेकर खांद्याशी जेमतेम दोन फूट उंच, त्यामुळे त्याचा उपद्रव कमरेखालीच असतो. मेरू मात्र सहा फुटांपर्यंतचा पाला सहज ओरबाडतो. पिसय, म्हणजे पिसोरी, तर मांजराएवढी. ती खाली पडलेली फळं वेचते, तिच्यासाठी औषधाचा विचारही करू नये.

बार्देश, तिसवाडी, सासष्टीच्या वस्तीत फुलं जात असतील तर हरणापेक्षा मोर, माकडं आणि गुरं यांच्यावर संशय घ्यावा. तिथे हरणाचं औषध घेणं म्हणजे निव्वळ नुकसान.

अंड्याचं औषध

अमेरिकेत विकली जाणारी लिक्विड फेन्स, बॉबेक्स, डीअर ऑफ ही प्रसिद्ध औषधं मुळात नासलेल्या अंड्याच्या घन भागावरच उभी आहेत. त्यात लसूण, कुणात लवंगेचं तेल, कुणात मिरची अशी भर असते. हे का चालतं ते समजून घेतलं की वापरताना चुका होत नाहीत. अंड्यातली प्रथिनं कुजली की गंधकाचे वास सुटतात. मेलेल्या जनावराजवळ, शिकारी प्राण्याच्या आसपास येणारा वासही त्याच जातीचा. गवत-पाला खाणाऱ्या प्राण्याला तो वास धोक्याचा वाटतो. फवारा वाळला की माणसाच्या नाकाला काही जाणवत नाही, हरणाला मात्र जाणवत राहतं.

तयार बाटली मागवलीच पाहिजे असं नाही. कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या कृषी विस्तार सेवेने घरगुती मिश्रणाचं प्रमाण दिलं आहे: २० टक्के अंडं, ८० टक्के पाणी. एक लिटर मिश्रणासाठी मध्यम आकाराची चार अंडी (सुमारे २०० मिली) आणि ८०० मिली पाणी. कमरेएवढ्या वीस-पंचवीस गुलाबांना दोन लिटर पुरतं, म्हणजे आठ अंडी.

करायची रीत अशी. अंडं फोडल्यावर बलकाला चिकटलेली पांढरी दोरीसारखी गाठ असते, ती आधी काढून टाका. ती राहिली की पंपाचं नोझल बुजणार हे नक्की. मग अंडी थोड्या पाण्यात मिक्सरमधून फिरवा, मलमलीच्या दुहेरी कपड्यातून गाळा आणि उरलेलं पाणी घाला. कृषी दुकानात मिळणारं स्टिकर, म्हणजे फवारा पानाला चिकटवून ठेवणारं द्रव, एक लिटरला अर्धा ते एक मिली पुरतं. कपडे धुण्याची पावडर स्टिकर म्हणून घालू नका, कोवळी पानं तिने करपतात. मिश्रण एक दिवस झाकून बाहेर ठेवलं तर वास वाढतो, पण दोन दिवसांवर ठेवू नका. ते फसफसतं आणि पंपात दाब नीट धरत नाही. फवारून झाल्यावर पंप ताबडतोब थंड पाण्याने धुवा. गरम पाणी घातलं तर आतलं अंडं शिजतं, आणि मग नोझल पिन घालूनही साफ होत नाही.

फवारायची वेळ दुपारी चारच्या सुमाराची. ऊन उतरलेलं असतं, आणि दंव पडायच्या आत फवारा वाळायला दोन-तीन तास मिळतात. गोव्यात डिसेंबर-जानेवारीत जंगलाकडेच्या गावांत दंव भरपूर पडतं. संध्याकाळी सहाला मारलेलं औषध रात्रभर ओलंच राहून पानावरून ओघळतं. भेकर असेल तर जमिनीपासून चार फूट, मेरू असेल तर सहा-सात फूट उंचीपर्यंत फवारा. पानाच्या वरून मारणं पुरेसं आहे. कीटकनाशकासारखं पानाच्या खालून मारण्याची गरज नाही, कारण हरीण पान हुंगतं ते बाहेरून.

आता याच्या मर्यादा. पहिली मर्यादा नव्या पालवीची. औषध पानावर बसतं, झाडात शिरत नाही. फवारणीनंतर फुटलेली पालवी उघडीच राहते, आणि हरणाला हवी असते तीच. छाटणी केलेला गुलाब आणि खत घातलेली जास्वंद आठ-दहा दिवसांत बोटभर कोवळे कोंब काढतात. म्हणून महिन्याने फवारा असं लेबलवर लिहिलेलं असलं तरी वाढीच्या दिवसांत दहा-बारा दिवसांनी नुसत्या शेंड्यांवर हलका हात फिरवावा लागतो. वाढ थांबलेल्या झाडांना तीन-चार आठवड्यांचं अंतर चालतं.

दुसरी मर्यादा पाण्याची. पाइपने वरून पाणी घालायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. तसं रोज पाणी घातलं तर आठवडाभरात औषध धुऊन जातं आणि दोष बाटलीला लागतो. पाणी बुंध्याशी द्या, ठिबक असेल तर उत्तम.

तिसरी आणि सगळ्यात मोठी मर्यादा पावसाची. कोलोरॅडोत वर्षभरात सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गोव्यात चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या घरात, आणि घाटाच्या पायथ्याच्या गावांत त्याहूनही जास्त. तिकडच्या लेबलवरचं 'पावसात टिकतं' हे वाक्य तिकडच्या पावसापुरतं खरं आहे. आषाढातल्या एका झडीपुढे कोणतंही स्टिकर टिकत नाही. जुलैत दर तीन दिवसांनी फवारणारे लोक आहेत. त्यांनी तो खर्च जाळीत घातला असता तर पाच वर्षांची चिंता मिटली असती.

अंड्याच्या वासाने मुंग्या, कुत्री आणि कधी घोरपड बागेत येते. औषध जमिनीवर सांडू दिलं नाही तर हा त्रास कमी होतो.

गुण: ऑक्टोबर ते मे, शोभेच्या झाडांवर ५ पैकी ४. पावसाळ्यात शून्य.

रक्ताची भुकटी

स्वीडनमधून आलेलं प्लांटस्किड हे या प्रकारातलं सगळ्यात नावाजलेलं औषध. ते मुळात वनरोपणातली कोवळी रोपं राखण्यासाठी तयार झालं. वाळवलेल्या रक्तातली प्रथिनं पानाला घट्ट चिकटतात, त्यामुळे अंड्यापेक्षा हे जास्त दिवस टिकतं. इथे खतांच्या दुकानात मिळणारं ब्लड मील म्हणजे तसंच वाळवलेलं रक्त, पण ते खत म्हणून बनवलेलं असतं. ते जाडंभरडं असतं, पाण्यात नीट मिसळत नाही आणि पंपातून जात नाही. झाडाभोवती मातीवर टाकलं तर काही दिवस वास देतं आणि झाडाला नत्रही पुरवतं. पण कुत्री आणि कोल्हे ते उकरायला येतात, आणि ढीग करून टाकलं तर जास्त नत्राने कोवळी मुळं जळतात. मूठभर पसरून टाका, बुंध्याला लावू नका. गोव्याच्या घराभोवतीच्या बागेसाठी आम्ही हे सुचवत नाही, कारण त्याच बागेतून सकाळी देवाला फुलं जातात.

मिरची आणि लसूण

मिरचीचं औषध वासावर नाही, चवीवर चालतं. म्हणजे हरणाने एक घास घेतल्याशिवाय त्याला काही कळत नाही. तो घास तुमच्या एकुलत्या एका कळीचा असू शकतो. भूक जास्त असेल, मार्च-एप्रिलमध्ये रानात कोवळा पाला उरला नसेल, तर सौम्य तिखट हरणं सोसतात.

घरी करायचं तर १०० ग्रॅम सुकी तिखट मिरची एक लिटर पाण्यात अर्धा तास उकळा, रात्रभर ठेवा, गाळा आणि पाच लिटर करा. इथपर्यंत सगळेच करतात, आणि मग ते चालत नाही म्हणतात. मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सेसिनमुळे येतो ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. त्यामुळे उकळताना दोन चमचे खाद्यतेल घाला आणि फवारण्याआधी लिटरला दोन मिली पातळ साबण घालून चांगलं घुसळा. मिश्रण दुधाळ दिसलं पाहिजे. तेल वर तरंगत असेल तर अर्ध्या झाडांवर नुसतं पाणी पडेल आणि शेवटच्या दोन झाडांवर सगळं तिखट. उकळण्याचं काम घराबाहेर करा. वाफेने खोकला येतो.

लसूण घालायची तर लिटरला एक गड्डा वाटून. लसणीचा वास चार-पाच दिवसांत विरतो.

एक मोठा तोटा कोणत्याही लेबलवर लिहिलेला नसतो. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. मोर किंवा बुलबुल कळे खात असतील तर मिरचीचा उपयोग शून्य. आणि माणसाला मात्र तो पुरेपूर जाणवतो. मिरची मारलेली अबोली खुडून फाती करायला बसलेल्या बाईची बोटं तासभर चुरचुरतात, तोच हात डोळ्याला लागतो. फुलं खुडायच्या झाडांवर मिरची नको.

गुण: ५ पैकी २. अंड्याच्या जोडीला, आलटून-पालटून वापरायला बरं. एकच वास महिनोन्महिने राहिला की हरणं त्याला सरावतात, म्हणून दोन फवारण्या अंड्याच्या, एक मिरचीची असा क्रम ठेवावा.

कडुनिंबाचं तेल

आपल्याकडे सगळ्यावर उपाय म्हणून कडुनिंब विकलं जातं, त्यामुळे हरणांच्या औषधातही ते आलं आहे. मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी यांच्यासाठी ते खरोखर कामाचं आहे, त्याबद्दल शंका नाही. पण शेळ्या कडुनिंबाचा पाला आवडीने खातात हे प्रत्येक शेळीवाल्याला माहीत आहे. पाला खाणाऱ्या जनावराला नुसत्या कडूपणाची फारशी भीती नसते. तेलाचा उग्र वास पहिले तीन-चार दिवस थोडं काम करतो, पुढे नाही.

तरीही देवाच्या फुलझाडांच्या पानांवर मारता येण्यासारखं हे एकच औषध आहे, म्हणून त्याचं प्रमाण देतो. लिटरला ५ मिली तेल आणि २ मिली पातळ साबण. आधी साबण आणि तेल घोटून एकजीव करा, मग थोडं थोडं पाणी घाला. उलट क्रमाने केलं तर तेल फुटतं. दुपारच्या उन्हात मारलं तर पानावर तपकिरी डाग पडतात, एप्रिल-मेमध्ये तर हमखास. मधमाश्या परतल्यावर, सूर्य कलल्यावर मारा. उमललेल्या फुलावर कधीच नको. पाकळी तेलकट होऊन काळवंडते.

गुण: हरणांसाठी ५ पैकी १. किडीसाठी याचं परीक्षण वेगळं करावं लागेल.

साबण, केस, साड्या, दिवे, आवाज

साबणाची वडी झाडाला टांगायची युक्ती अमेरिकेतून आली आहे. तिथे ती चालते ती जनावराच्या चरबीच्या साबणामुळे, आणि तेही वडीभोवती सुमारे मीटरभरच. आपल्याकडचे अंगाचे साबण बहुतेक पाम तेलाचे असतात. त्यांचा सुगंध माणसासाठी आहे. वड्या उंदीर खातात, बाकी काही होत नाही.

न्हाव्याकडचे केस पातळ पिशव्यांत भरून टांगले तर कोरड्या दिवसांत दोन-तीन आठवडे भेकर बिचकतं. भिजले की संपलं. जुन्या साड्यांचं कुंपण पहिल्या पंधरवड्यात चांगलं काम करतं, कारण हलणारी नवी वस्तू हरणाला नको असते. मग ते सरावतं. सौर ऊर्जेवर लुकलुकणाऱ्या लाल दिव्यांचंही तेच. दर तीन-चार दिवसांनी जागा बदलली तरच त्यांचा उपयोग आहे. माणसाला ऐकू न येणारा आवाज करणारी यंत्रं मात्र आम्ही कुणालाच सुचवणार नाही. त्यांचे दावे मोठे आहेत आणि हरणं त्यांच्यासमोर उभी राहून खातात.

देवाची फुलं आणि पावसाळा

परदेशी परीक्षणांत जो प्रश्न येतच नाही तो आपल्याकडे पहिला आहे. बागेतलं फूल बघायला आहे की वाहायला? जास्वंद, तगर, अबोली, शेवंती, मोगरा, झेंडू यांतलं बरंचसं फूल सकाळी देव्हाऱ्यात जातं. त्यावर अंडं किंवा रक्त फवारायचं नाही, हे सांगायची गरज नाही. पण शेजारच्या झाडावर फवारलेलं वाऱ्याने येतं, याचा विचार फार थोडे करतात. अंड्याचं औषध मारायच्या झाडांपासून पूजेची झाडं निदान दोन-तीन मीटर लांब हवीत, आणि वारा तिकडे वाहत असताना फवारणी नको. तुळशीवृंदावनाच्या आसपास तर नकोच.

दुसरी अडचण वेळेची. फुलांची गरज सगळ्यात जास्त असते ती श्रावण आणि चवथीला, म्हणजे ऐन पावसात. दसरा-दिवाळीसाठीचा झेंडू जुलै-ऑगस्टमध्ये लावला जातो, आणि मोठ्या झेंडूचा उग्र वास हरणांना फारसा आवडत नसला तरी कोवळं रोप ती सोडत नाहीत. म्हणजे ज्या दिवसांत राखण हवी त्याच दिवसांत फवारणी टिकत नाही. इथे बाटली कितीही महाग घेतली तरी हे गणित बदलत नाही. म्हणून पुढचा भाग जाळीचा.

जाळी

मेरू आठ फुटांच्या आत काहीही ओलांडू शकतो असं धरून चालावं. भेकर उडी मारण्यापेक्षा खालून घुसतं, त्याला वीतभर फट पुरते. त्यामुळे वर उंची आणि खाली घट्टपणा, दोन्ही लागतात.

दहा मीटर बाय दहा मीटरच्या बागेचा हिशेब असा. घेर ४० मीटर. दर तीन मीटरवर एक, असे १४ खांब, फाटकाचे दोन धरून. खांबाची लांबी तीन मीटर, त्यातला ६० सेंटीमीटर जमिनीत, वर २.४ मीटर, म्हणजे आठ फूट. दीड मीटर रुंदीची जाळी दोन पट्ट्यांत लावा. खालची पट्टी दोन इंची चौकटीची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) वेल्डेड जाळी, वरची जाड प्लास्टिकची, उन्हाने न कुजणारी. दोन पट्ट्या १५ सेंटीमीटर एकमेकींवर घेतल्या तर खाली ४५ सेंटीमीटर उरते. ती बाहेरच्या बाजूला जमिनीवर दुमडून चिऱ्यांच्या तुकड्यांनी दाबा. घुसू पाहणारं जनावर त्या दुमडलेल्या जाळीवरच उभं राहतं आणि उकरू शकत नाही. खांबांच्या मध्ये वर, मध्ये आणि खाली अशा तीन तारा ताणून जाळी दर फुटाला बांधा. सैल जाळी पहिल्याच वादळात पोट काढते.

चिऱ्यांचा गडगा आधीच असेल तर निम्मा खर्च वाचतो. चार फूट गडग्यावर चार फूट जाळी पुरते. आणि बाग अगदी लहान असेल, दोन-तीन मीटर रुंदीचे वाफे असतील, तर प्रत्येक वाफ्याला पाच फुटांची जाळीही चालते. उडी मारून उतरायला मोकळी जागा दिसली नाही तर हरीण सहसा उडी घेत नाही.

मासेमारीची जुनी जाळी स्वस्त मिळते म्हणून पुष्कळ ठिकाणी वापरतात. आमचा तिला विरोध आहे. सैल नायलॉनमध्ये साप अडकतात, पक्षी अडकतात, मेरूच्या नराची शिंगं अडकतात, आणि रात्रभर धडपडून जनावर मरतं. दुसरा इलाजच नसेल तर ती जमिनीपासून हातभर वर ठेवून खाली ताठ जाळी लावा, वरची ताणून बांधा आणि रोज सकाळी फेरी मारा. काही अडकलेलं दिसलं तर स्वतः सोडवायला न जाता वन खात्याला कळवा.

गुण: ५ पैकी ५. महाग आहे, दिसायला बागेची शोभा कमी करते, पण पावसात टिकते आणि फुलाला हात लावत नाही. कुंपणासाठी कृषी खात्याच्या अनुदानाच्या योजना असतात. कृषी कार्ड आणि जमिनीचा एक-चौदाचा उतारा घेऊन विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करावी. सामान विकत घेण्याआधी करावी, नंतर नव्हे.

सौर कुंपणाचा झटका देणारं यंत्र मोठ्या कुळागराला (सुपारी-नारळाच्या बागेला) परवडतं, घरामागच्या परसाला नाही. घेतलंच तर दोन गोष्टी सांभाळा. पावसाळ्यात तारेला गवत लागलं की झटका जमिनीत उतरतो, म्हणून खालची फूटभर पट्टी सतत साफ हवी. आणि एप्रिलमध्ये जांभ्याची जमीन इतकी कोरडी होते की अर्थिंग धरत नाही. अर्थिंगची सळई खोल घालून तिथे आठवड्यातून एकदा पाणी ओता. घरातल्या विजेचा प्रवाह थेट तारेत सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्यात माणसंही मरतात.

ही वस्तू कुणी सांगितली तरी घेऊ नका

फोरेटचे दाणे कपड्यात बांधून कुंपणावर टांगायचा सल्ला रानडुकरांसाठी अजून दिला जातो. फोरेटवर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, आणि ते माणसालाही अतिशय विषारी आहे. डांबरगोळ्या बागेत टाकू नका. मुलं त्या गोळ्या उचलतात आणि त्या जमिनीतही विष सोडतात. रॉकेलमध्ये बुडवलेल्या दोऱ्या कोरड्या दिवसांत आग लावतात. हरणं, मेरू, भेकर, मोर हे सगळे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. फास, विष, बॉम्बगोळा यातलं काहीही केलं तर थेट फौजदारी गुन्हा होतो.

औषधापेक्षा लावणीचा क्रम पुष्कळदा जास्त काम करतो. सदाफुली, कण्हेर, गवती चहा, हळद, आलं यांना हरणं सहसा तोंड लावत नाहीत. जंगलाच्या बाजूला यांची दाट ओळ आणि आत, घराच्या बाजूला, गुलाब-जास्वंद अशी मांडणी करा. कण्हेर विषारी आहे, घरात गुरं किंवा लहान मुलं असतील तर ती वगळा.

गवा आला तर

गवा गोव्याचा राज्यप्राणी, आणि नराचं वजन हजार किलोच्या आसपास जाऊ शकतं. त्याच्यासाठी वर लिहिलेलं काहीच नाही. अंड्याच्या वासाने तो थांबत नाही, प्लास्टिकची जाळी त्याला दिसतही नाही, तो चालत जातो आणि जाळी सोबत घेऊन जातो. खांबांमध्ये पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधल्या तर निदान अडथळा त्याला लांबून दिसतो आणि तो बाजूने वळण्याची शक्यता वाढते. बागेत गवा उभा असेल तर बॅटरी मारत, डबे वाजवत त्याच्याकडे जाऊ नका. घरात राहा, त्याची परतीची वाट मोकळी ठेवा, कुत्रा बांधून ठेवा. कुत्रा भुंकत अंगावर गेला की गवा सरळ कुत्र्यामागे घराकडे येतो. पुन्हापुन्हा येत असेल तर जवळच्या वनक्षेत्रपालाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, मोडलेल्या झाडांचे फोटो तारखेसकट जोडा आणि अर्जावर पोच घ्यायला विसरू नका.